हे कशावरून, सर?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक संदेश फिरत फिरत आला. 'आपल्या वाशिमचा गौरवशाली इतिहास' वगैरे. त्यात एक वाक्य असं होतं की वत्सगुल्मच्या, म्हणजे आपल्या वाशिमच्या, हरिषेण राजाने कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र हे सगळे देश जिंकून अख्ख्या दक्षिणेवर राज्य केलं. खाली ढाल-तलवारीचं चित्र आणि त्याखाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. धडाधड अंगठे आले. मी नेहमीच्या सवयीने नाक खुपसलं आणि लिहिलं, "जिंकले, हे कशावरून?"

झालं! पाच मिनिटांत नागपूरहून दादाचा फोन. (मावसभाऊ, पण आम्हा सगळ्यांचा दादाच.) "तू तीस वर्षं इतिहास शिकवला ना रे? मग आपल्याच गावाचं चांगलं काही ऐकवत नाही का तुला?" मग बाकीच्यांना कळावं म्हणून तेच त्याने ग्रुपवरही टाकलं. त्यावर पुण्यात नोकरी करणारा भाचा मधेच म्हणाला, "जाऊ द्या ना मामा, शेवटी सगळा इतिहास म्हणजे ज्याचं त्याचं मतच असतं."

मला भांडताना मुद्दे आठवत नाहीत. ते रात्री अडीच वाजता आठवतात. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दादा, तू हे वाचशीलच. रागावू नकोस, पण मी माघारही घेणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा मला भाच्याचा राग जास्त आला. का, ते पुढे सांगतो.

आधी त्या सात देशांचं बघू. ही यादी येते अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखातून. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणं कोरवून घेतलं आणि व्हरांड्याच्या बाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर आपल्या धन्याच्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवली. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. दीड हजार वर्षांत त्या भिंतीवरची बरीच अक्षरं झिजली, काही ठिकाणी पापुद्रे उडाले. हरिषेणाच्या श्लोकात देशांची नावं वाचता येतात. पण त्याने त्या देशांचं केलं काय, हे सांगणारा शब्दच गेलेला आहे. क्रियापदच नाही!

जिंकले? लुटले? खंडणी घेतली? की नुसता दरारा होता? कळायला मार्ग नाही. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख वाचण्यात आयुष्य घातलं. १९५७ साली त्यांचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' आलं, १९६३ साली त्या सगळ्या लेखांचा मोठा इंग्रजी खंड आला. त्यांनी संदर्भ बघून अंदाज केला की या देशांवर हरिषेणाचं वर्चस्व असावं. अशा माणसाच्या अंदाजाला वजन असतं, मी ते नाकारत नाही. पण विद्वानाच्या लेखातला 'असावे' पाठ्यपुस्तकापर्यंत येताना 'होते' होतो, गाईडात त्याखाली रेघ येते, आणि व्हॉट्सॅपवर तो तलवार घेऊन येतो.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. कुणाला कधी सांगितली नव्हती, घरीसुद्धा.

मी नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. शाळेचं नाव नको, तालुक्याची शाळा, वर्गात सत्तरेक मुलं. वाकाटकांचा पाठ म्हणजे पुस्तकात दोन परिच्छेद. पण वाशिमचा विषय म्हणून मी रंगात येऊन त्या पुसलेल्या शब्दाबद्दल वर्गात बोललो. पोरं ऐकत होती. मग घटक चाचणी आली. प्रश्नपत्रिका मीच काढली, त्यात दोन मार्कांचा प्रश्न टाकला, 'हरिषेणाने कोणकोणते प्रदेश जिंकले?' का टाकला? कारण तसेच प्रश्न विचारायची रीत होती. एका मुलीने सातही नावं बरोबर लिहिली आणि पुढे लिहिलं, 'पण जिंकले असे तेथे लिहिलेले नाही.' मी नमुना उत्तर समोर ठेवून गठ्ठा तपासत होतो. त्यात हे वाक्य नव्हतं. मी त्यावर लाल फुली मारली आणि दोनपैकी शून्य दिले. नावांचासुद्धा अर्धा मार्क दिला नाही, कारण मला वाटलं ही आगाऊपणा करतेय.

पेपर वाटले तेव्हा ती टेबलापाशी आली. "सर, तुमीच त सांगतलं होतं का थो शब्द फुटेल हाय म्हणून."

मी म्हणालो, "वर्गात सांगितलं ते वेगळं. पेपरात असं लिहायचं नसतं."

ती काही बोलली नाही. पेपराची घडी घालून जाग्यावर जाऊन बसली. पुढे वर्षभर तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. पेपरात मात्र पैकीच्या पैकी मार्क घेत राहिली.

इतिहास शिकवणं म्हणजे काय, याबद्दल मी जे काही आज बोलतो ते त्या शून्यापासून सुरू होतं. त्या मुलीने सत्तर जणांत एकटीने इतिहास केला होता. समोर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही हे तिने बघितलं होतं. आणि इतिहासाच्या मास्तरने तिला त्याबद्दल शून्य दिलं.

दादाचं म्हणणं असं की लहान मुलांना गोंधळात टाकू नये. आधी ठाम काहीतरी सांगावं, शंका मोठेपणी काढाव्यात. हा मुद्दा मी शिक्षकांच्या खोलीतही शंभर वेळा ऐकलाय, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सहावीच्या पोराला सनावळीचा काही तरी खुंटा लागतो. पण मला सांग दादा, आपल्या भागातली पोरं गोंधळतात कुठे? ज्या घरात जेवताना पैसेवारीचं बोलणं निघतं, नजरअंदाज पैसेवारी किती आली, सुधारित किती, अंतिम पन्नास पैशांच्या आत येते की नाही, त्या घरातल्या पोराला अंदाज आणि पक्की मोजणी यातला फरक समजावून सांगावा लागतो का? काका म्हणतो बांध माझा, पण सातबारा काय म्हणतो, फेरफार कधी झाला, हे त्याने तहसीलच्या वाऱ्या करून पाहिलेलं असतं. कागद म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, खाडाखोड म्हणजे काय हे सगळं त्याला माहीत आहे. फक्त इतिहासाच्या तासाला आपण त्याला सांगतो की ते सगळं दाराबाहेर ठेव आणि पाठ कर.

शेवटची दहा-बारा वर्षं मी एक करायचो. फळ्यावर त्या सात देशांची नावं लिहायची, पुढे रिकामी जागा ठेवायची आणि म्हणायचं, शब्द भरा, पण 'कशावरून' तेही सांगा. एकदा मानोऱ्याकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, तिथून लोकं आनले आसतील, लेण्यायच्या कामाले." मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "नाव वाढवून लिवले आसन. आपल्या इथल्या बॅनरवानी." वर्ग हसला. पण बघा, प्रशस्ती म्हणजे काय आणि ती किती खरी धरायची हा प्रश्न त्या पोराने बॅनरवरून बरोबर पकडला. मंत्र्याने आपल्या राजाबद्दल स्वतःच्या खर्चाने कोरलेला मजकूर आहे तो. त्यात राजा हरला असं थोडंच लिहिणार!

तर हे दादाच्या बाजूचं. आता भाच्याकडे वळतो. "सगळं ज्याचं त्याचं मत." हे वाक्य फार शहाणपणाचं वाटतं, आणि हल्ली शिकलेली मंडळीच ते जास्त म्हणतात. मला ते तलवारीच्या चित्रापेक्षा जास्त घातक वाटतं. तलवारवाल्याला निदान इतिहास हवा तरी आहे.

भाच्या, १९३९ साली काय झालं ते ऐक. त्याआधी वाकाटकांचे जे ताम्रपट माहीत होते त्यांतून मुख्यतः एकच राजवंश समजला होता, रुद्रसेन, पृथिवीषेण, प्रभावतीगुप्ता, दुसरा प्रवरसेन हा. अजिंठ्याचा लेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता. आधी भाऊ दाजी लाड, मग भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर. ही काही लहान माणसं नव्हेत. पण अक्षरं झिजलेली, आणि मनात आधीच ठाऊक असलेला वंश. त्यामुळे अजिंठ्याची वंशावळ त्याच साच्यात बसवली गेली. आपल्याला जे माहीत असतं तेच आपल्याला दिसतं, हे विद्वानांनाही चुकत नाही.

आणि मग १९३९ साली वाशिमलाच ताम्रपट सापडले. वाकाटक राजा विंध्यशक्ती, म्हणजे दुसरा, याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून दिलेलं दान. वंशावळ संस्कृतात, पुढचा बराच मजकूर प्राकृतात. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी ते प्रसिद्ध केले. त्यात हा राजा सांगतो की मी सर्वसेनाचा मुलगा, पहिल्या प्रवरसेनाचा नातू. सर्वसेन? हे नाव तोवर वंशावळीत नव्हतंच! मिराशींनी मग अजिंठ्याचा लेख पुन्हा बारकाईने वाचला, आणि त्या झिजलेल्या अक्षरांत सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावं होती. इतकी वर्षं भिंतीवरच होती. लोक दुसरीच वाचत होते. १९४१ साली त्यांनी नवं वाचन छापलं आणि वाकाटकांची एक अख्खी शाखा, वत्सगुल्मची, इतिहासात आली.

आता सांग, हे 'ज्याचं त्याचं मत' आहे का? आधीचं वाचन चुकलं होतं आणि नंतरचं बरोबर निघालं. का बरोबर? मिराशींचा आवाज मोठा होता म्हणून नव्हे. एका शेताखाली की घराखाली दडलेल्या तांब्याच्या पत्र्याने आणि दूरच्या डोंगरातल्या भिंतीने एकच नाव सांगितलं म्हणून. अर्थ लावणं म्हणजे मनाला येईल ते म्हणणं नव्हे. आपलं म्हणणं उद्या खोटं ठरू शकेल अशा रीतीने मांडणं म्हणजे अर्थ लावणं. 'सगळं मतच' म्हणणारा माणूस यातून सुटका करून घेतो. त्याला कधी चुकावंच लागत नाही.

याच कारणामुळे इतिहासकार आजही भांडतात आणि भांडत राहतील. जायसवालांनी वाकाटकांचं मूळ बुंदेलखंडात शोधलं, मिराशींनी दक्षिणेत. हरिषेणाला मिराशी इ.स. ४७५ ते ५०० च्या सुमारास ठेवतात. वॉल्टर स्पिंक नावाचा अमेरिकन माणूस वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून एकेक खांब आणि दाराच्या चौकटी मोजत राहिला (२०१९ साली वारला). तो म्हणतो हरिषेण ४७७ मध्येच गेला आणि अजिंठ्याचं बहुतेक काम फक्त अठरा-वीस वर्षांत उरकलं. अनेकांना ते पटत नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका ऐषआरामी राजाचा नाश होतो, ती गोष्ट वत्सगुल्मच्या शेवटाची आठवण आहे असं मिराशींना वाटलं, आणि स्पिंकनेही ती धरली. कथेतून इतिहास काढावा का, काढला तर किती? याच्यावर एक आठवडा वर्ग चालेल. आपल्या वर्गात यातलं काय चालतं?

काय चालतं ते सांगतो. २०१८ साली दहावीचं इतिहासाचं नवं पुस्तक आलं. मी उघडलं आणि खरोखर हरखलो. पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा, दुसरा भारतीय परंपरेचा. रांके, मार्क्स, फूको, आपल्याकडचे राजवाडे, कोसंबी, शरद पाटील. इतिहासाची सुरुवात प्रश्नापासून होते आणि उत्तराला पुरावा लागतो, हे दहावीच्या पोरांना सरकारी पुस्तकात! मला वाटलं, चला, उशिरा का होईना. ज्यांनी हे पुस्तक केलं त्यांच्याबद्दल मला आजही आदरच आहे.

मग चुलतभावाची मुलगी दहावीला गेली. हुशार पोरगी. मी उत्साहाने विचारलं, "काय गं, फूको काय म्हणतो?"

"काका, तो एक मार्काला असतो."

म्हणजे कोणतं पुस्तक कोणी लिहिलं, चारपैकी पर्याय निवडा. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तर व्हॉल्टेअर. हे तिने झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं. मी विचारलं, जनक का म्हणायचं त्याला? ती म्हणाली, "काका, तसं विचारत नाहीत." अहो, 'प्रश्न विचारा' हे शिकवणारा पाठ आपण गाळलेल्या जागा भरून शिकवतो! पोहण्याची व्याख्या पाठ करून घेतली आणि विहिरीला झाकण लावलं, त्यातला प्रकार. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस मार्क. तास मिळतात ते दुपारचे, पोरं पेंगत असताना. आणि किती तरी शाळांत इतिहास म्हणजे ज्याच्या तासांची संख्या भरत नाही त्याला द्यायचा विषय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुस्तक बदलून काय होणार, जोवर तपासणाऱ्याच्या हातात लाल पेन आणि नमुना उत्तर आहे? (मीच तो. विसरलो नाही.)

आणि हे सगळं वाशिमसारख्या जिल्ह्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. बाहेरचे लोक मागास जिल्हा म्हणतात, १९९८ साली अकोल्यातून निघालेला. पण इतिहास शिकवायला लागणारं सामान बघा आपल्याकडे. वाशिमजवळ हिस्से बोराळ्याला १९६४ साली देवसेनाच्या, म्हणजे हरिषेणाच्या बापाच्या, काळातला शिलालेख सापडला. देवसेनाच्या सेवेतल्या स्वामिल्लदेवाने 'सुदर्शन' नावाचं तळं बांधलं असं त्यात आहे. आणि साल दिलंय, शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८ च्या आसपास. वाकाटकांच्या लेखांत राजाच्या राज्यवर्षाशिवाय दुसरं साल सहसा मिळत नाही, म्हणून या एका दगडाला केवढी किंमत!

मी वर्गात आणखी एक सांगायचो. गिरनारच्या पायथ्याशी प्रसिद्ध सुदर्शन तलाव होता, त्याचा बांध फुटला आणि स्कंदगुप्ताच्या माणसांनी तो पुन्हा बांधला, ते साल निघतं इ.स. ४५६-५७. आणि वर्षा-दोन वर्षांत आपल्या बोराळ्याला त्याच नावाचं तळं. योगायोग? नक्कल? स्पर्धा? की चांगल्या तळ्याला तेच नाव द्यायची पद्धत? एका मुलाने विचारलं होतं, तेव्हा इथे दुष्काळ होता का? मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचा मला अजिबात कमीपणा वाटला नाही.

गावाच्या नावाचंच घ्या. स्थळमाहात्म्य सांगतं वत्स ऋषींच्या तपामुळे देव इथे जमले. कामसूत्रावरची टीका सांगते वत्स आणि गुल्म हे दोघे राजपुत्र. दोन्ही खरं कसं असेल? त्याच सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. ते हरवलंय, पण आनंदवर्धनासारख्या मोठ्या माणसांनी त्याची नोंद घेतली म्हणून आपल्याला माहीत आहे. राजशेखराने काव्यपुरुषाचं लग्न लावलं तेही वत्सगुल्मात. आणि तिकडे कारंज्याच्या जैन भांडारांत शतकानुशतकं जपलेल्या पोथ्यांतून अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात अपभ्रंश काव्यं संपादून छापली. म्हणजे ताम्रपट, शिलालेख, पोथी, दंतकथा, हरवलेलं पुस्तक, सगळे नमुने एका जिल्ह्यात. आणि आम्ही पोरांना सांगतो, वत्सगुल्म म्हणजे वाशिम, एक मार्क.

सहल दरवर्षी अजिंठ्याला जायची. पोरं चित्रं बघतात, डबे खातात, फोटो काढतात. सोळाव्या लेण्यात पोचेपर्यंत गाईडला घाई झालेली असते. बाहेरच्या डाव्या भिंतीकडे कोणी बघत नाही. मीसुद्धा पहिल्या दोन सहलींत बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा एकटा मागे राहिलो तेव्हा दिसली ती अक्षरं, आणि मधले ते गेलेले भाग. वाचता काही आलं नाही मला, ब्राह्मी मला येत नाही. पण बराच वेळ उभा होतो. ती मुलगी डोळ्यांसमोर आली.

दादा, काल पुन्हा फोन झाला तेव्हा तू विचारलंस, "मग मेसेजात काय लिहायचं ते तूच सांग." मी लिहून पाठवलंय तुला. 'हरिषेणाच्या मंत्र्याने कोरलेल्या लेखात सात देशांची नावं आहेत, क्रियापद पुसलं गेलं आहे, आपल्याला काय वाटतं आणि का?' तू म्हणालास, हे कोणी पुढे पाठवणार नाही. खरंय. नाही पाठवणार.

पण डिसेंबरात मी पुतणीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन अजिंठ्याला जातोय. रविवारी, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पहाटे चारला वाशिमहून निघायचं, डबे बरोबर घ्यायचे. गाडीत एक जागा रिकामी आहे. येतोस का ते कळव.